पिंपल जातो, खड्डा राहतो



दशसूत्रीतल्या आरोग्यावर बोलताना आपण रक्त वाढवणं, पाळी, बाळंतपण हे विषय घेतो. चेहऱ्यावरच्या मुरूमांचा, म्हणजे पिंपल्सचा विषय निघाला की, "वयात आलं की होतंच, त्यात काय बोलायचं?" असं म्हणून पुढे जातो. होतंच, हे खरं आहे. पण त्याच पिंपलपायी मुली कॉलेज बुडवतात, ग्रुप फोटोत मागे उभ्या राहतात, पाहुणे बघायला येणार म्हणून आठ दिवस आधी मेडिकलातून गुपचूप ट्यूब आणतात. पिंपल आज ना उद्या जातो. तो फोडल्यामुळे पडलेला खड्डा आणि चुकीच्या ट्यूबने बिघडलेली कातडी मात्र मागे राहते. आणि हे बऱ्याच प्रमाणात टाळता येतं. म्हणून हा पाठ.

पिंपल होतो कसा?

आपल्या कातडीवर बारीक बारीक छिद्रं असतात. प्रत्येक छिद्रात एक केस आणि त्याला चिकटून तेलाची एक छोटी ग्रंथी असते. हे तेल कातडी मऊ ठेवतं, म्हणजे ते वाईट नाही. वयात येताना शरीरात हार्मोन्स वाढतात आणि या ग्रंथी जास्त तेल सोडायला लागतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या कातडीचा चुरा साचतो. शेतात ठिबकच्या ड्रिपरमध्ये कचरा अडकला की पाणी आत तुंबतं, तसं इथे तेल तुंबतं. तुंबलेल्या तेलात कातडीवर नेहमीच राहणारे जिवाणू वाढतात, शरीर त्यांच्याशी लढतं, आणि ती जागा लाल होते, सुजते, दुखते. हाच पिंपल.

चेहरा, छाती, पाठ आणि खांदे इथे तेलग्रंथी जास्त असतात. म्हणून पिंपलही तिथेच जास्त येतात.

आपल्याकडे काय म्हणतात, आणि खरं काय?

"तोंड नीट धुत नाही म्हणून येतात." नाही. काळा ठिपका असतो, त्याला ब्लॅकहेड म्हणतात. तो मळ नव्हे. छिद्राचं तोंड उघडं असल्याने आतला ऐवज हवेने काळा पडतो. घासून घासून तो जात नाही, उलट कातडी सोलते आणि जळजळ वाढते.

"रक्त खराब झालंय, पोट साफ नाही." पिंपल छिद्रात तयार होतो, रक्तात नाही. जुलाबाचं औषध देऊन तो जाणार नाही.

"तळलेलं, शेंगदाणे बंद कर." कोल्ड्रिंक, बिस्किटं, मिठाई अशा खूप साखरेच्या खाण्याने काहीजणींचे पिंपल वाढतात असं अभ्यासात दिसलंय. ते कमी करायला हरकत नाही. पण शेंगदाणे, डाळ, अंडी मुलीच्या ताटातून काढू नका. या वयात तिला ते लागतं.

"लग्न झालं की जातात." लग्नाचा संबंध नाही. काहीजणींना पंचवीस-तिशीनंतरही येतात. पाळीच्या आधी वाढतात, मानसिक ताणात वाढू शकतात.

प्रकार ओळखा

पहिला प्रकार साधा: पांढरे किंवा काळे बारीक दाणे. दुखत नाहीत, लाल नसतात.

दुसरा मधला: लाल, दुखरे फोड. काहींच्या टोकाला पिवळा पू दिसतो.

तिसरा मोठा: कातडीच्या आत खोल, कडक, ठणकणारी गाठ. कधी आत पू असलेली पिशवी तयार होते. यांच्या मागे खड्डा राहण्याची शक्यता सगळ्यात जास्त. असे एक-दोन जरी दिसले तरी घरगुती उपायात महिने घालवू नका, डॉक्टरला दाखवा.

डाग आहे की खड्डा?

पिंपल गेल्यावर जे उरतं त्याला आपण सरसकट "डाग" म्हणतो. पण ते दोन वेगळे प्रकार आहेत. तपासायची सोपी पद्धत अशी: खिडकीजवळ उभं राहून उजेड बाजूने पडू द्या आणि त्या जागेवरून बोट हलकेच फिरवा.

बोटाला सपाट लागलं आणि फक्त रंग काळपट किंवा तांबूस असेल, तर तो डाग. आपल्या सावळ्या कातडीवर तो जास्त उठून दिसतो. काही महिन्यांत हळूहळू फिका होतो. ऊन लागलं, खाजवलं की जास्त टिकतो.

बोटाला खोलगट लागलं, तर तो खड्डा. सूज आत खोल गेली आणि कातडीचा आतला आधार तुटला, म्हणून ती जागा बसली. कुठलंही मलम तो खड्डा भरून काढत नाही. कातडीचे डॉक्टर लेझर, बारीक सुयांचे उपचार वगैरे करून तो कमी करतात, पण ते खर्चिक असतं आणि कातडी अगदी पूर्वीसारखी होईलच असं नाही. काहींना खड्ड्याऐवजी जाड, उंच वण येतो, विशेषतः छाती, खांदा आणि हनुवटीच्या कडेला.

नखाने दाबलं की पू बाहेर येतो तेवढाच आत खोलवरही ढकलला जातो. म्हणून फोडू नका, आणि दुसऱ्याला फोडू देऊ नका. गटातल्या ज्या ताई पार्लर चालवतात त्यांना खास विनंती: लाल, पू असलेल्या पिंपलवर दाबणं, स्क्रब आणि जोराचा मसाज करू नका. "आधी डॉक्टरला दाखव, मग ये" असं सांगणाऱ्या पार्लरवर गिऱ्हाइकाचा विश्वास वाढतोच.

सगळ्यात मोठा धोका: ती ट्यूब

खाज, गजकर्ण, वांग, पिंपल, गोरेपणा, सगळ्याला एकच ट्यूब, असं आपल्याकडे चालतं. यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉईड असतं. ते लावल्यावर आठ-दहा दिवसांत लाली उतरते, चेहरा उजळ दिसतो. मुलगी खूश, आई खूश. मग महिना-दोन महिने लावलं की कातडी पातळ होते, उन्हात गेलं की आग होते, गालावर बारीक लाल शिरा दिसतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि पिंपल आधीपेक्षा जास्त येतात. बंद केलं की चेहरा लालभडक होतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब लावली जाते. त्वचारोगतज्ज्ञांकडे असे बिघडलेले चेहरे घेऊन येणाऱ्या बायका-मुली कमी नाहीत.

स्टिरॉईड हे औषध म्हणून वाईट नाही. योग्य आजाराला, योग्य दिवसांपुरतं डॉक्टर ते देतात. पण पिंपलवर ते लावायचं नसतं. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत.

ट्यूबवर ही नावं शोधा: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. अक्षरं इंग्रजीत आणि बारीक असतात, शाळेतल्या मुलांकडून वाचून घ्या. उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीवरचं औषध समजा. ज्या डबीवर आत काय आहे हेच लिहिलेलं नाही, ती डबी चेहऱ्याला लावूच नका.

अशी ट्यूब बरेच दिवस लावत असाल तर घाबरू नका. ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. बंद कशी करायची ते ते सांगतील.

घरी काय करायचं?

• दिवसातून दोनदा आणि खूप घाम आल्यावर साध्या, सौम्य साबणाने चेहरा धुवा. घासू नका, टिपून कोरडा करा.
• केसांना तेल लावा, पण कपाळावर उतरू देऊ नका. चेहऱ्याला खोबरेल चोळू नका.
• उन्हापासून आणि धुळीपासून बांधायचा स्कार्फ सुती ठेवा, रोज धुवा.
• टूथपेस्ट, लिंबू, खाण्याचा सोडा चेहऱ्याला लावू नका. त्याने कातडी भाजते आणि नवा डाग पडतो.

डॉक्टर बहुतेक वेळा बेंझॉईल पेरॉक्साईड किंवा ॲडापॅलीन असलेलं जेल देतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. फरक दिसायला दोन ते तीन महिने लागतात, सुरुवातीला थोडं कोरडं पडतं, म्हणून पंधरा दिवसांत "गुण येत नाही" म्हणून सोडू नका. आणि बेंझॉईल पेरॉक्साईडने कपड्याचा रंग उडतो, उशीला जुना अभ्रा घाला.

लग्न ठरलेल्या आणि नव्याने लग्न झालेल्या मुलींनी हे नक्की वाचा. मोठ्या गाठींसाठी आयसोट्रेटिनॉईन नावाची गोळी देतात. या गोळ्या चालू असताना दिवस राहिले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर किमान एक महिना गर्भ राहू द्यायचा नसतो. ॲडापॅलीनसारखी जेलही गरोदरपणात लावत नाहीत. डॉक्टरला लग्नाची तारीख सांगायला लाजू नका. बहिणीची गोळी बहिणीने घेऊ नये.

पिंपलसोबत पाळी दोन-दोन महिने येत नसेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर तो फक्त चेहऱ्याचा प्रश्न नाही. पीसीओएसची तपासणी करून घ्या.

जायचं कुठे? उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरांचा सल्ला मिळवून देता येतो. अनेक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं. जिल्हा रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी असते. मुलांनाही पिंपल येतात, त्यांनाही पाठवा.

पुढच्या बैठकीत हे करा

१. प्रत्येकीने घरात असलेली चेहऱ्याची ट्यूब किंवा डबी आणावी. सगळ्यांनी मिळून त्यावरची नावं वाचावीत. वर दिलेली चार नावं किती ट्यूबवर सापडली ते सीआरपी ताईंनी वहीत लिहावं.
२. चिठ्ठीशिवाय आणलेल्या स्टिरॉईडच्या ट्यूब कोण वापरतंय ते आशाताईंच्या कानावर घालावं. नाव जाहीर करू नये.
३. "तुझ्या चेहऱ्याला काय झालंय?" हे आपण मुलींना चारचौघांत किती वेळा विचारतो, यावर पाच मिनिटं बोलावं.

तिसऱ्या प्रश्नाला वेळ द्याच. मुलगी मेडिकलात गुपचूप जाते ती बहुतेक वेळा अशाच एखाद्या वाक्यानंतर.