कोपऱ्यातली सही

फर्स्ट इयरला शीटवर जीटी मारताना आपण रेषा दुसऱ्याच्या उचलतो, पण टायटल ब्लॉकमध्ये नाव मात्र स्वतःचं टाकतो! चित्रकलेत काही जणींच्या बाबतीत नेमकं उलट झालं. काम त्यांचं, नाव दुसऱ्याचं.

हॉलंडची युडिथ लेस्टर (१६०९-१६६०) हिचा हुबेहूब माणसं रंगवण्यात हातखंडा होता. हार्लेम शहराच्या चित्रकार संघाने तिला सभासद करून घेतलं होतं. पण ती गेल्यावर तिची चित्रं फ्रान्स हाल्स या चित्रकाराच्या नावावर खपली. १८९३ साली एका चित्रावरची तिची सही ओळखली गेली, आद्याक्षरं आणि शेजारी एक तारा. तेव्हा कुठे युडिथ जगाला परत सापडली.

आपल्याकडच्या अंबिका धुरंधर (१९१२-२००९). वडील रावबहादूर म. वि. धुरंधर हे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले नामवंत चित्रकार व शिक्षक. मुलीचा हात बघून त्यांनी तिला चित्रकलाच शिकू दिली. १९३१ साली अंबिकाबाईंनी जे. जे.चा डिप्लोमा मिळवला. असा डिप्लोमा घेणाऱ्या अगदी सुरुवातीच्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. त्यांची शैली वास्तववादी. म्हणजे आधी माणूस समोर बसवून रेखाटन, शरीराची ठेवण, मग छायाप्रकाश, शेवटी रंग. आपण मार्कांपुरतं घोकतो ते पर्स्पेक्टिव्ह त्यांना रोजच्या कामाला लागायचं. पौराणिक, ऐतिहासिक प्रसंग त्यांनी रंगवले, वडिलांच्या मागे त्यांची चित्रंही जपली. 'माझी स्मरणचित्रे' हे त्यांचं आत्मकथन त्या गेल्यानंतर, २०१० साली आलं. तरी धुरंधर म्हटलं की अजून आधी वडीलच आठवतात.

हे सगळं मी का वाचलं? माझी धाकटी बहीण. पूर्णा जंक्शनवर गाडीची वाट बघणारी माणसं ती वहीत उतरवते. फेटेवाले, हमाल, गाठोड्याला टेकून झोपलेली म्हातारी. इंटरमीजिएटला ए ग्रेड आहे. दिवाळीत म्हणाली, चित्रकलेला जायचंय. अण्णा म्हणाले, "चित्रं काढून पोट भरतं का?" मी तिथंच बसलो होतो. घरात माझ्या शब्दाला वजन आहे, तरी गप्प राहिलो. अंबिकाबाईंच्या पाठीशी घरचं माणूस उभं होतं, हे वाचल्यापासून ते गप्प बसणं टोचतंय.

या शनिवारी पूर्णेला चाललोय. अण्णांशी बोलणार आहे. ऐकतील की नाही, सांगता येत नाही. बहिणीला मात्र एक गोष्ट नक्की सांगणार: प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख टाक, आणि खाली तुझं नाव.