आधी ताट, मग बाजार

वाचकहो, एक साधा हिशेब करू. आपल्या शेतात काय पिकते? सोयाबीन पिकते. ऊस पिकतो. मग ताटातली भाजी कुठून येते? बाजारातून. बाजार लांब असला, किंवा हातात पैसा नसला, की त्या दिवशी भाजी नाही. भाकरीने पोट भरते. पण अंगाला लागते ते सगळे मिळत नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या बायांनी हा हिशेब बदलला. कसा, ते वाचू.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांतली गावे कोसळली. हजारो माणसे गेली. घरे पुन्हा उभी करायच्या कामात गावोगावच्या बाया पुढे आल्या. प्रेमा गोपालन यांची 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था त्यांच्या सोबतीला होती. या कामात बाया चार माणसांत बोलायला शिकल्या. पुढे बचत गट चालवू लागल्या.

मग दुष्काळ आले. २०१२ साली आला, २०१५ साली पुन्हा आला. पीक गेले, कर्ज उरले. अशा दिवसांत बायांनी घरात मागणे मांडले, "एक एकर आम्हांला कसायला द्या. एक नाही तर अर्धा द्या. त्यात काय पेरायचं, ते आम्ही ठरवू."

मागणे साधे, पण सोपे नव्हे. शेतात बाई राबते. सातबाऱ्यावर नाव मात्र बहुधा पुरुषाचे. बी कोणते आणायचे, माल कुठे विकायचा, हे तिला कोण विचारतो? मग घरात असे बोलणे निघते :

"अगं, भाजीनं कुठं कर्ज फिटतं का?"

"अहो, कर्ज फिटेल तेव्हा फिटेल. पण भाजीसाठी नवं कर्ज तर होणार नाही!"

त्या एका एकरात एकच पीक नसते. ज्वारी, बाजरी, तूर, मूग, मटकी असते. जोडीला भेंडी, गवार, वांगी, मेथी, पालक असते. असे का? पाऊस कमी पडला तर एक पीक जाते, दुसरे तगते. खत शेणाचे आणि गांडुळाचे. बी घरी राखलेले. म्हणून खर्च कमी. आधी घरच्यांनी खायचे, उरेल ते विकायचे. या कामासाठी २०१६ साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा 'इक्वेटर' पुरस्कार मिळाला.

तुम्ही म्हणाल, "आम्ही शहरात राहतो. आम्हांला कुठली जमीन?"

क्यूबा देशाचे उदाहरण घ्या. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला. क्यूबाला तिथून येणारे तेल आणि खत आटले. अन्नाची टंचाई झाली. तेव्हा हवाना शहरातल्या लोकांनी रिकाम्या जागा साफ केल्या, वाफे केले आणि भाजी लावली.

आपल्या गल्लीतही उकिरडा झालेली एखादी जागा असते. उत्सवाची वर्गणी गोळा करणारी तरुण पोरे हे कामही करू शकतात. मात्र जागा कोणाची, ते आधी विचारा. नगरपरिषदेची असेल तर लेखी परवानगी घ्या. पाणी कोण घालील, भाजी कशी वाटायची, हेही आधीच ठरवा. नाहीतर पहिल्या काढणीलाच भांडण व्हायचे.

करून पाहा

१. काचा, प्लास्टिक वेचून जागा साफ करा.
२. माती भुसभुशीत करून कुजलेले शेणखत मिसळा.
३. मेथी आणि पालक लावा. महिनाभरात भाजी मिळते.
४. कडेला शेवगा लावा. एकदा रुजला की त्याला पाणी कमी लागते. त्याचा पालाही खावा; फार पौष्टिक असतो.
५. वाफ्यावर पालापाचोळा पसरा. ओल टिकते.
६. भाज्या धुतलेले पाणी वाफ्याला घाला. गटाराचे पाणी पालेभाजीला कधीही घालू नका.
७. पालेभाजीवर लिंबू पिळून खा. भाजीतले लोह अंगी लागते.

प्रश्न

१. बायांनी घरात काय मागितले?
२. एका शेतात अनेक पिके का घ्यावीत?
३. तुमच्या घरी आठवड्याला भाजीवर किती पैसे खर्च होतात? वहीत लिहा.
४. तुमच्या घरी काय पेरायचे, हे कोण ठरवते? घरात सर्वांनी मिळून बोला.