सुरुंगाच्या कडेची रेषा कोण आखणार?

मुलीने किंवा मुलाने घरी येऊन सांगितलं, की मला भूसुरुंग काढण्याच्या मानवतावादी कामात जायचंय, तर बहुतेक घरांत पहिलं उत्तर 'नाही' असंच येईल. ते समजण्यासारखं आहे. पण नकार पक्का करण्याआधी या कामात कोण काय करतं, हे पालकांनी एकदा नीट समजून घ्यावं, एवढ्यासाठी हा लेख.

युद्ध संपतं, सैन्य निघून जातं, सुरुंग मात्र जमिनीतच राहतात. भूसुरुंग आणि मागे राहिलेल्या इतर स्फोटकांमुळे 2023 या एका वर्षात जगभर किमान 5757 माणसं मेली किंवा जखमी झाली. त्यांत बहुसंख्य सामान्य नागरिक होते आणि मुलंही मोठ्या संख्येने होती. शेत पुन्हा कसता यावं, शाळेची वाट मोकळी व्हावी, म्हणून हे काम चालतं.

मेटल डिटेक्टर घेऊन गुडघ्यांवर बसलेला माणूस आपल्याला छायाचित्रांत दिसतो. त्याच्या आधी बरंच काम होऊन गेलेलं असतं. गावकऱ्यांशी बोलायचं, गुरं कुठे दगावली, माणसं कुठे जखमी झाली याच्या जागा नोंदवायच्या, सैन्याकडचे जुने आराखडे मिळाले तर ते ताडून पाहायचे आणि मग संशयित जमिनीची हद्द ठरवायची. ही हद्द गरजेपेक्षा मोठी आखली, तर चांगली जमीन विनाकारण अडकते आणि हाताने इंच-इंच तपासण्यात महिने जातात. लहान आखली, तर सुरुंग हद्दीबाहेर राहतो आणि 'सुरक्षित' म्हणून सोडलेल्या जमिनीत कुणाचा तरी पाय पडतो. म्हणून या क्षेत्रात मोजणी करणाऱ्याची जबाबदारी डिटेक्टर धरणाऱ्याइतकीच मोठी आहे, असं माझं ठाम मत आहे.

पूर्वी ही नोंद होकायंत्र आणि टेपने होई. एखादं पक्कं बांधकाम संदर्भबिंदू म्हणून धरायचं आणि तिथून दिशा व अंतर लिहून ठेवायचं. ते बांधकाम पडलं किंवा पुरात वाहून गेलं, की नोंदीला आधारच उरत नसे. उपग्रहांनी हा प्रश्न सोडवला, पण सगळा नाही. मोबाइलमधल्या जीपीएसची चूक मोकळ्या आकाशाखालीही साधारण तीन ते पाच मीटर असते. रिक्षा बोलवायला ती चालते, सुरुंगक्षेत्राच्या कडेला चालत नाही. तिथे दोन यंत्रं लागतात. एक माहीत असलेल्या बिंदूवर स्थिर राहून उपग्रहांच्या संदेशातली चूक मोजत राहतं. दुसरं, म्हणजे रोव्हर, ती चूक वजा करत फिरतं. अशा जोडीने स्थान सेंटिमीटरपर्यंत पक्कं करता येतं. आपल्याकडे भूमी अभिलेख खात्याची माणसं शेतजमिनीची मोजणी ज्या रोव्हरने करतात, त्याचं तत्त्व हेच.

तरीही गडबडीच्या जागा उरतात. दाट झाडीखाली संदेश तुटतो. उंच भिंतींवरून परावर्तित होऊन आला, तर अंतर जास्त दिसतं. जुना नकाशा पृथ्वीच्या आकाराचं वेगळं गणित धरून काढलेला असला, तर तेच अक्षांश-रेखांश जमिनीवर कित्येक मीटर सरकतात. भारताचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभ या गणितावर आधारलेले आहेत आणि जीपीएस वेगळ्या गोलाभावर चालतं. हा फरक विसरून जुना आराखडा नव्या पडद्यावर चढवणारा माणूस सुरुंगक्षेत्रात धोकादायक ठरतो.

सगळ्यात मोठी अडचण आकाशातच आहे, आणि तिचा अभ्यास नवी मुंबईत होतो. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या या संस्थेचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या कुलाबा वेधशाळेत आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून हे काम 1904 पासून अलिबागला नेण्यात आलं. ट्रामचा अडथळा आधीच ओळखून वेधशाळेची जागा बदलणारी ती माणसं होती. मोजणीच्या पेशाला लागणारी वृत्ती ती हीच.

या संस्थेचे शास्त्रज्ञ आयनांबराचाही अभ्यास करतात. वातावरणाच्या या वरच्या, विद्युतभारित थरातून येताना उपग्रहाच्या संदेशाला उशीर होतो. विषुववृत्ताच्या जवळच्या आपल्या पट्ट्यात सूर्य सक्रिय असताना दुपारी या उशिरामुळे होणारी चूक दहा-पंधरा मीटरपर्यंतही जाऊ शकते. दोन वारंवारतांचे संदेश वापरणारी यंत्रं ती बहुतांशी काढून टाकतात. एकाच वारंवारतेवर चालणाऱ्या साध्या यंत्रांना ते जमत नाही. मे 2024 मधल्या तीव्र सौर वादळात अमेरिकेत उपग्रहांच्या आधाराने शेत पेरणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले होते. सुरुंगक्षेत्रात काम करणाऱ्याला अशा दिवशी यंत्र बंद करून परत फिरता आलं पाहिजे. आणि गंमत म्हणजे चुंबकीय क्षेत्रातले बारीक फरक टिपणारे मॅग्नेटोमीटर जमिनीत गाडलेली लोखंडी स्फोटकं शोधायलाही वापरतात.

आता वाटा. दहावीनंतर आयटीआयमध्ये सर्वेक्षक हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. सिव्हिलचा डिप्लोमा करून मोजणीत शिरता येतं आणि भूकरमापक पदाची भरती निघाली की अर्ज करता येतो. पदवीला भौतिकशास्त्र, गणित, भूगोल, सिव्हिल किंवा इलेक्ट्रॉनिक्स यांपैकी काहीही चालेल. पुढे आयआयटी मुंबईत रिमोट सेन्सिंग आणि भूमाहितीशास्त्राचं शिक्षण आहे. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते. अकरावीतल्या मुलानेही त्यांतला एखादा करून पाहावा. भौतिकशास्त्रात एमएस्सी करणाऱ्यांना नवीन पनवेलमध्येच पीएचडीचा मार्ग आहे. क्यूजीआयएस हे नकाशे तयार करण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते घरच्या संगणकावर आजच शिकायला घ्या.

प्रत्यक्ष सुरुंगांपर्यंत जायचं असेल, तर भारतात तो मुख्यतः लष्कराच्या अभियंत्यांचा प्रांत आहे. 1948 च्या एप्रिलमध्ये राजौरीच्या वाटेवर सुरुंग आणि अडथळे दूर करत रणगाड्यांना रस्ता करून देणारे, परमवीरचक्र मिळालेले रामा राघोबा राणे कारवारजवळच्या चेंडियाचे आणि लष्करी अभियंत्यांच्या बॉम्बे सॅपर्स या दलाचे. बॉम्बे सॅपर्सचं केंद्र खडकीला आहे, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय दापोडीला. मार्च 2016 मध्ये पुण्यात आसियान आणि सहयोगी अशा अठरा देशांच्या सैन्यांचा सराव झाला, त्यात मानवतावादी सुरुंग निर्मूलन हा एक विषय होता. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असलेल्यांना एनडीए खुलं आहे, आता मुलींनाही. होरायझन आणि सर्वत्र या भारतीय संस्थांमधून निवृत्त लष्करी अभियंत्यांनी उत्तर श्रीलंकेतही सुरुंग काढले आहेत.

पालकांना दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. 1997 च्या सुरुंगबंदी करारावर भारताने सही केलेली नाही, आणि देशात या कामासाठी नागरी नोकऱ्यांची मोठी बाजारपेठ नाही. परदेशातल्या संस्था माहिती व्यवस्थापन आणि नकाशाशास्त्रासाठी माणसं घेतात, पण अनुभवी. म्हणजे पहिली चार-पाच वर्षं मोजणी, बंदर, रस्ते, विमानतळ, ड्रोन नकाशे अशा कामांत जातील. ती वाया जात नाहीत. हेच कौशल्य तिथे लागतं, आणि पुढे मुलाचं मन बदललं तरी हातात पोटापाण्याचा धंदा राहतो. या पेशातली बरीच माणसं सुरुंगक्षेत्रात पाऊलही न टाकता, कडेला यंत्र लावून किंवा कचेरीत नकाशा तपासून काम करतात, हेही आईवडिलांनी लक्षात घ्यावं.

आज तुमच्या हातात एक निर्णय आहे. मुलाचा कल इकडे असेल, तर अकरावीला 'कठीण जातं' म्हणून त्याला गणित सोडू देऊ नका. शिकवणी लावा, वेळ द्या, गुण कमी पडले तरी चालतील. गणित सुटलं, तर वर सांगितलेल्या बहुतेक वाटा बंद होतात.