जखम भरून येण्यात तांब्याचे कार्य

हंगामाच्या ऐन धांदलीत बैलाचा खांदा जुवाने सोलवटतो, गाईच्या पायाला तार लागते, कातरणी करताना मेंढीच्या अंगाला कातर लागते. अशा जखमा प्रत्येक गोठ्यात होतात. त्यांपैकी काही आठवड्याभरात सुकतात, तर काही महिना महिना चिघळत राहतात. जखम चिघळली की काही शेतकरी बंधू तीवर मोरचुदाची पूड दाबतात. मोरचुदात तांबे असते, आणि जखम भरण्यास तांबे लागते, हेही खरे आहे. तथापि यावरून मोरचूद हे जखमेचे औषध ठरत नाही. कातडी सांधणारे तांबे आतून, म्हणजे चाऱ्यातून व रक्तातून येत असते. ते कसे, हे समजून घेण्यासाठी प्रस्तुत पाठ आहे.

१. तांब्याचे शरीरातील काम

तांबे हे प्राण्यांच्या शरीराला अत्यल्प प्रमाणात, पण अवश्य लागणारे द्रव्य आहे. १९२८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हार्ट व त्यांचे सहकारी यांनी केवळ दुधावर ठेवलेल्या उंदरांवर प्रयोग केले. या उंदरांना जडलेला रक्तक्षय नुसत्या लोहाने हटला नाही. लोहाच्या जोडीला लेशमात्र तांबे दिले, तेव्हा तो बरा झाला.

कातडीच्या दृष्टीने तांब्याचे काम याहून वेगळे आहे. कातडी, शिरा, स्नायुबंध व हाडे यांना बळकटी देणारे कोलॅजन नावाचे एक प्रथिन असते. त्याची रचना तीन पदरी दोरासारखी असते. अंबाडीचे धागे नुसते शेजारी ठेवले तर ते ओढताच निसटतात. पीळ देऊन एकमेकांत अडकविले म्हणजे त्यांचा नाडा होतो व तो बैलाला आवरतो. शरीरात कोलॅजनचे धागे एकमेकांशी जखडण्याचे काम लायसिल ऑक्सिडेज नावाचा पदार्थ करतो, आणि तांब्यावाचून त्याला ते करता येत नाही. १९६१ साली ओ'डेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, तांबे नसलेल्या खाद्यावर वाढविलेल्या कोंबडीच्या पिलांच्या मोठ्या रक्तवाहिन्या कमकुवत होऊन फुटतात. दोराचे धागे होते, पण त्यांना पीळ बसला नव्हता.

याखेरीज केसांना व लोकरीला रंग येणे, लोकरीला स्वाभाविक कुरळेपणा येणे, या गोष्टीही तांब्यावर अवलंबून असतात.

२. जखम भरण्याच्या पायऱ्या

प्रथम रक्त गोठून जखमेचे तोंड बंद होते. नंतर भोवतालचा भाग लाल व गरम होऊन सुजतो. रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे जमून जंतू व मेलेले मांस यांचा निचरा करतात. तिसऱ्या पायरीस तळाकडून लालसर, दाणेदार नवे मांस वर येऊ लागते. त्यात बारीक रक्तवाहिन्या व नवे कोलॅजन असते. कडांकडून नवी कातडी या मांसावर सरकत येते. शेवटच्या पायरीत कोलॅजनचे धागे जखडले जाऊन व्रण घट्ट होतो. ही शेवटची पायरी डोळ्यांना दिसत नाही व तीच सर्वांत लांब असते.

प्रयोगांत असे आढळले आहे की, तीन आठवड्यांच्या सुमारास भरलेल्या जखमेच्या जागी मूळ कातडीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकेच बळ आलेले असते. पुढे काही महिन्यांनी ते वाढून सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोचते. पूर्ववत् होत नाही. बैलाचा खांदा वरून सुकलेला दिसताच त्याला पुन्हा जुंपल्यास तो त्याच जागी का फाटतो, याचे उत्तर यात आहे. खपली पडली म्हणजे जखम बरी झाली, असे समजू नये.

३. ताम्र-पेप्टाइड म्हणजे काय?

प्रथिने ही अमिनो आम्लांच्या लांब साखळ्या होत. अशा साखळीच्या लहान तुकड्यास पेप्टाइड म्हणतात. १९७३ साली अमेरिकेत लॉरेन पिकार्ट यांनी मानवी रक्तातून ग्लायसिन, हिस्टिडिन व लायसिन या केवळ तीन कड्यांचे एक पेप्टाइड वेगळे काढले. हा तुकडा तांब्याला सहज धरून ठेवतो व पेशींच्या आत तांबे पोचविण्यास साहाय्य करीत असावा, असे १९८० साली मांडण्यात आले. फ्रान्समधील माकार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली, तांबे धरलेल्या या पेप्टाइडमुळे कातडीतील पेशी अधिक कोलॅजन तयार करतात, असे काचपात्रातील प्रयोगात दाखविले. १९९३ साली उंदरांच्या जखमांतही तसाच परिणाम आढळला. हाच तीन कड्यांचा क्रम कोलॅजनच्या साखळीतही सापडतो. त्यामुळे जखमेच्या जागी कोलॅजन तुटले म्हणजे हा तुकडा मोकळा होऊन दुरुस्तीची सूचना देत असावा, असा एक तर्क आहे.

या शोधातून घेण्याचा बोध असा की, शरीर तांबे कधी मोकळे सोडीत नाही. रक्तात ते प्रथिनांना बांधलेले असते व पाहिजे तेथे मोजून उतरविले जाते. हल्ली ताम्र-पेप्टाइड घातलेली माणसांसाठीची प्रसाधने बाजारात मिळतात. ती जनावरांच्या जखमेसाठी विकत घेऊ नयेत. त्याच पैशात महिनाभराचे खनिज मिश्रण आणणे अधिक हिताचे आहे.

४. जखमेवर मोरचूद का नको?

मोरचुदात वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा तांबे असते, व ते मोकळे होणारे असते. ते दाहक आहे. जंतूंबरोबर जखमेच्या तळाशी उगवणारे कोवळे मांसही त्याने जळते. जखम कोरडी दिसते, पण तिची भरण्याची क्रिया मागे पडते. शिवाय जनावर जखम चाटते व मोरचूद पोटात जाते. जखमेतून वर वाढलेले फाजील मांस जाळण्यासाठी पशुवैद्य क्वचित् मोरचूद वापरतात; ते काम त्यांच्याकडेच असू द्यावे. खुरांच्या रोगावर मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवितात, तो उपाय निराळा आहे. तेव्हाही जनावराने ते पाणी पिऊ नये म्हणून पहारा ठेवावा.

५. तांब्याची उणीव कशी ओळखावी?

काळे केस तांबूस किंवा राखी होणे, डोळ्यांभोवतीचे केस विटून चष्म्यासारखी कडी दिसणे, अंगावरील केस राठ होणे, वासरांची वाढ खुंटणे, हगवण लागणे, माज वेळेवर न येणे ही उणिवेची लक्षणे होत. मेंढीची लोकर सरळ, तारेसारखी होते. आपल्या दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीचा रंग उतरू लागला तर लक्ष द्यावे. गाभण मेंढीला तांबे कमी पडल्यास कोकरू मागील पायांत लुळे जन्मते किंवा पुढे लुळे पडते. हे पश्चिम ऑस्ट्रेलियात बेनेट्स व चॅपमन यांनी १९३७ साली सिद्ध केले.

ही लक्षणे जंत, उपासमार व ऊन यांमुळेही दिसू शकतात. म्हणून रंगावरून निदान न करता पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्यावे. चाऱ्यात तांबे पुरेसे असूनही उणीव होते, हेही ध्यानात ठेवावे. मॉलिब्डेनम व गंधक यांचे प्रमाण जास्त असल्यास पोटात त्यांचा तांब्याशी संयोग होऊन ते अंगी लागत नाही. लोहाच्या आधिक्यानेही तसेच घडते.

गाईबैलांना कोरड्या खाद्याच्या दर किलोमागे सुमारे १० मिलिग्रॅम तांबे पुरते. रोज आठ किलो कोरडे खाद्य खाणाऱ्या बैलाची पुरी गरज ८० मिलिग्रॅम झाली; मोरचुदाच्या भाषेत ती एका ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी होते. तीपैकी बहुतेक भाग हिरवा चारा, पेंड व कोंडा यांतून मिळतो. उरलेला भाग खनिज मिश्रणाने भरून निघतो. चिमटीने मोरचूद चारणे म्हणजे अंदाजाने विष घालणे होय.

६. मेंढ्यांविषयी विशेष दक्षता

मेंढीचे यकृत तांबे साठविते, पण बाहेर टाकण्यास दुबळे असते. खाद्यात दर किलोमागे १५ मिलिग्रॅमच्या वर तांबे दीर्घकाळ गेल्यास धोका संभवतो. महिनोन् महिने मेंढी धडधाकट दिसते. मग प्रवास, पाऊस किंवा उपासमारीचा ताण पडताच यकृतातील साठा एकाएकी रक्तात उतरतो, रक्तपेशी फुटतात, डोळे पिवळे पडतात, लघवी काळसर तांबडी होते व एक-दोन दिवसांत जनावर दगावते. अशा वेळी इलाजास फारसा अवधी उरत नाही. म्हणून गाई, डुकरे किंवा कोंबड्यांसाठी तयार केलेले खाद्य व खनिज मिश्रण मेंढ्यांना देऊ नये. द्राक्ष व डाळिंबाच्या बागांत बोर्डो मिश्रण फवारले जाते. त्यातही मोरचूदच असते. अशा बागेतील गवत मेंढ्यांना चारू नये.

७. कार्यकर्त्यांनी सांगावयाच्या गोष्टी

(१) जखमेभोवतीचे केस कापावेत. उकळून कोमट केलेल्या, किंचित मीठ घातलेल्या पाण्याने जखम धुवावी व पशुवैद्याने दिलेले मलम लावावे. माश्या बसू देऊ नयेत. किडे पडल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा.

(२) मोरचूद, राख, वंगण, शेण यांपैकी काहीही जखमेवर लावू नये.

(३) जखमी जनावरास हिरवा चारा व पेंड यांची जोड द्यावी. नवे कोलॅजन तयार होण्यास तांब्याइतकीच प्रथिनांचीही गरज असते.

(४) खनिज मिश्रण त्या त्या जातीच्या जनावराचे आणावे व पाकिटावरील मात्रेतच द्यावे.

(५) खांद्याची जखम सुकल्यावरही बैलास काही आठवडे जुवापासून दूर ठेवावे. जू गुळगुळीत करून घ्यावे. हंगामात एकट्या शेतकऱ्यास हे परवडत नाही; म्हणून सावडीने शेजाऱ्याचा बैल मिळवून देण्याची खटपट कार्यकर्त्याने करावी.

उजळणीसाठी प्रश्न

१. खपली पडल्यावरही बैलास विश्रांती का द्यावी?
२. मोरचुदात तांबे असूनही ते जखमेवर का लावू नये?
३. चाऱ्यात तांबे असताना जनावरास त्याची उणीव कशी होते?
४. आपल्या गावात कोणत्या बागांतील गवत मेंढ्यांना चारले जाते? तेथे बोर्डो मिश्रण फवारतात काय, याची नोंद करा.