वैद्यकीय दाखल्यातील शब्द आणि वर्गातील मूल

दिव्यांग मुलास शाळेत घालताना पालक जो वैद्यकीय दाखला आणतात, तो बहुधा मुख्याध्यापकांच्या कपाटात जातो व तेथेच राहतो. त्यावरील शब्द परके असतात. म्हणून वर्गशिक्षक वरवर जे दिसते त्यावरूनच मुलाविषयी मत बनवितात. बोलताना लाळ गळणारा किंवा प्रश्न विचारला असता शून्यात पाहणारा विद्यार्थी मग 'मंद' ठरतो. वस्तुतः त्या कागदावर शिक्षकाच्या उपयोगाचे पुष्कळ लिहिलेले असते. संस्कृत उपसर्गांची ओळख असलेल्या शिक्षकास तर त्यांतील निम्मे शब्द आप्तांसारखे वाटतील.

ह्याचे कारण असे की, हे शब्द बहुतांशी ग्रीक असून ग्रीक व संस्कृत ह्या एकाच कुळातील भाषा होत. 'अ' किंवा 'अन्' म्हणजे अभाव, हे दोहींत सारखेच. अ‍ॅनेस्थेशिया म्हणजे संवेदनेचा अभाव. ग्रीक 'डिस्' हा आपला 'दुस्', 'हायपो' हा 'उप' आणि 'हायपर' हा 'उपरि'. हायपोटोनियात स्नायू नेहमीपेक्षा सैल असतात, हायपरटोनियात नेहमीपेक्षा ताठ. 'हेमि' म्हणजे अर्धे, 'मोनो' म्हणजे एक, 'डाय' म्हणजे दोन. 'प्लेजिया' ह्याचा मूळ अर्थ तडाखा. शरीराच्या एका बाजूची शक्ती जाते त्या विकारास आपल्या वैद्यांनी 'पक्षाघात' म्हटले व ग्रीकांनी 'हेमिप्लेजिया'. दोघांनाही तो एका बाजूस बसलेला घावच वाटला. शब्दाच्या शेवटी 'पॅरेसिस' असेल, तर शक्ती पूर्ण गेलेली नसून कमी झालेली आहे असे समजावे.

आता एखाद्या दाखल्यावर 'राइट स्पॅस्टिक हेमिप्लेजिया' असे लिहिले आहे असे धरू. उजवी बाजू, ताठर, अर्ध्या अंगाचा घात, इतके शिक्षकास स्वतःच उलगडता येते. मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या भागाचे नियंत्रण करीत असल्याने इजा डावीकडे झालेली असते. असे मूल पेन्सिल डाव्या हाती धरते. पुष्कळ घरांत डावा हात अशुभ मानला जातो, आणि काही शिक्षकही त्याच समजुतीने पेन्सिल उजव्या हातात कोंबतात. ज्या हाताची बोटे उघडतच नाहीत त्या हाताने अक्षर वळवावयास लावणे हा अभ्यास नव्हे, छळ होय. त्या हातास व्यायाम अवश्य द्यावा, परंतु तो व्यायामतज्ज्ञाच्या सल्ल्याने. लेखन डाव्याच हाताने होऊ द्यावे.

'पॅराप्लेजिया' म्हणजे दोन्ही पायांची शक्ती जाणे. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूस इजा झाल्याने ते झाले असेल, तर पायांची संवेदनाही पुष्कळदा गेलेली असते. मूल तासन्‌तास एकाच जागी बसले तरी त्यास दुखत नाही, आणि न दुखल्यामुळेच जखम होते. ह्या मुलाची बैठक वरचेवर बदलविणे, हे पाढे घेण्याइतकेच वर्गशिक्षकाचे काम आहे.

सर्वांत अधिक गैरसमज 'सेरेब्रल पाल्सी' ह्या शब्दाविषयी आहेत. लंडनचे शल्यवैद्य विल्यम जॉन लिटल ह्यांनी १८६१ साली अवघड किंवा अकाली प्रसूती आणि मुलांच्या अवयवांतील ताठरता ह्यांचा संबंध एका निबंधातून मांडला. पुढे बराच काळ हा विकार त्यांच्याच नावाने ओळखला जाई. मेंदूची ही इजा जन्मापूर्वी, जन्मसमयी किंवा जन्मानंतर लवकरच होते. ती पसरत नाही, आणि स्पर्शाने कोणास लागत नाही. तिचे प्रकार तीन सांगता येतील. 'स्पॅस्टिक' मूल ताठर असते. 'अ‍ॅटॅक्सिक' मुलाचा तोल जातो. 'टॅक्सिस' म्हणजे क्रम, त्याचा अभाव तो अ‍ॅटॅक्सिया. 'अ‍ॅथेटॉइड' मुलाचे हात व चेहरा इच्छेविरुद्ध वळवळतात, आणि शब्द तोंडातच अडतात. अशा मुलाची बुद्धी पुष्कळदा अगदी शाबूत असते. उत्तर ठाऊक असते, पण ते बाहेर येईपर्यंत शिक्षक पुढील विद्यार्थ्याकडे वळलेले असतात. काही मुलांत बौद्धिक अक्षमताही असते, हे खरे. परंतु ती निराळी तपासावी लागते व दाखल्यावर निराळी लिहिलेली असते. जिभेवरून ती ठरविता येत नाही.

ह्यासाठी 'डिसार्थ्रिया' व 'अफेझिया' ह्यांतील भेद ध्यानात घ्यावा. पहिल्यात भाषा शाबूत असून उच्चार करणारे स्नायू आज्ञेत नसतात. दुसऱ्यात, म्हणजे वाचाघातात, भाषेवरच घाव असतो. त्याच १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका ह्यांनी ज्या रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली, तो जवळजवळ 'टॅन' एवढेच बोलू शके, परंतु त्यास सांगितलेले पुष्कळसे कळत असे. डिसार्थ्रिया असलेल्या मुलापुढे चार उत्तरे मांडून त्यास बोट किंवा नजर दाखवू द्यावी. तोंडी परीक्षेचे काम त्याने भागते.

मराठीतील एक शब्दही घोटाळा करतो, तो 'बधिर'. ऐकू न येणारा तो बधिर, आणि स्पर्श न कळणारी त्वचाही बधिर. म्हणून नोंदवहीत नुसते 'बधिर' लिहू नये. अंगावरील फिकट वा लालसर चट्ट्यास स्पर्श कळत नसेल, तर मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. तो कुष्ठरोग असल्यास औषध विनामूल्य मिळते व रोग पूर्ण बरा होतो.

'मस्क्युलर डिस्ट्रॉफी' म्हणजे स्नायूंचा क्षय. हा विकार मात्र वाढत जातो. गुडघ्यांवर हात टेकीत उठणाऱ्या मुलास कवायतीत आळशी म्हणून पुन्हा पुन्हा पळविल्याने त्याचे स्नायू बळावत नाहीत, उलट अपाय होण्याचा संभव असतो.

राहिला अपस्मार. झटका आला असता कांदा, चप्पल वा किल्ल्या शोधू नयेत, तोंडात काही घालू नये, हातपाय दाबू नयेत. मुलास कुशीवर वळवावे व घड्याळ पाहावे. पाच मिनिटांहून अधिक वेळ गेल्यास त्वरित रुग्णालयात न्यावे. परंतु दुसरा एक प्रकार शिक्षकांच्या नजरेतून निसटतो. 'अ‍ॅब्सेन्स' म्हणजे अनुपस्थिती. मूल काही सेकंद डोळे उघडे ठेवून स्तब्ध होते व पुन्हा लिहू लागते. दिवसातून असे अनेकदा घडते. हजेरीपटावर ते उपस्थित असते, मध्यंतरीचे वाक्य मात्र त्याने ऐकलेलेच नसते. लक्ष नाही म्हणून त्यास शिक्षा होते. असे वरचेवर दिसल्यास तारीख व वेळ टिपून पालकांमार्फत ती टिपणे डॉक्टरांकडे द्यावीत. निदानास त्यांचा मोठा उपयोग होतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले असून, १९९५ च्या कायद्यात ते ७ होते. ज्याचे दिव्यांगत्व किमान ४० टक्के प्रमाणित झाले आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परंतु टक्केवारी पाहून मुलास कसे शिकवावे हे कळत नाही. म्हणून दाखल्याची प्रत वर्गशिक्षकाजवळ असावी, व तीखाली मराठीत दोन ओळी असाव्यात. उदाहरणार्थ: 'उजवी बाजू ताठर. डाव्या हाताने लिहितो. उच्चार अस्पष्ट, समज उत्तम. उत्तरास वेळ द्यावा. पहिल्या ओळीत, भिंतीच्या आधाराने बसवावे.'