‘दोन-तीनच ओढतो’ म्हणणाऱ्यांची तलफ

‘दिवसाला किती?’ या प्रश्नावर ‘दोन-तीनच, तीही चहाबरोबर’ असं उत्तर देणारा स्वतःला व्यसनी समजत नाही आणि पाकीट संपवणारा स्वतःला हाताबाहेर गेलेला समजतो. दोघंही फक्त सिगारेटी मोजतात, तलफ मोजत नाहीत. निकोटिनचं व्यसन मोजणाऱ्या फागरस्ट्रॉम चाचणीत सिगारेटींच्या संख्येइतकेच, म्हणजे जास्तीत जास्त ३ गुण, आणखी एका प्रश्नाला आहेत: उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात पेटते? ५ मिनिटांच्या आत पेटली तर ३, तासाभरानंतर पेटली तर शून्य. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं, रात्रभरात तळ गाठतं. पहाटे उशाशी लायटर चाचपडणाऱ्याची तलफ ही त्या तुटवड्याची असते.

कमी ओढणाऱ्याची तलफ बहुतेकदा प्रसंगाची असते. दिवसभर आठवण नसते, पण टपरीवर कटिंग हातात आला आणि शेजारच्यानं काडी ओढली की राहवत नाही. तलफ स्वतःच सांगायची तर ती मोजणार कशी, असा आक्षेप येतो. वेदनाही आपण रुग्णाला विचारूनच मोजतो. मात्र ० ते १० च्या मोजपट्टीवर तुमचा ७ आणि मित्राचा ७ यांची तुलना करू नका, स्वतःच्या सकाळची स्वतःच्या संध्याकाळशी करा. आणखी एक मेख आहे. सतत ओढणाऱ्याचा आकडा काही तास सिगारेट न मिळाल्यानं आधीच ८ वर असतो, त्यामुळे टपरी दिसल्यावर तो फारसा वाढत नाही. म्हणून टपरीचा त्याच्यावर परिणामच होत नाही, असं समजू नये.

तेव्हा आठवडाभर प्रत्येक सिगारेटीआधी ० ते १० मधला आकडा, वेळ आणि जागा लिहा. सकाळपासूनच आकडा चढा असेल तर नुसत्या निर्धारावर विसंबू नका, निकोटिन गम घ्या. पहिली सिगारेट अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २ चा. तो सुपारीसारखा चावत राहायचा नाही. झणझणलं की गालात धरायचा, आणि गम घेण्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी टाळायची. आकडा टपरीवरच उसळत असेल तर काही आठवडे चहाची जागा आणि सोबत बदला. ‘दोन-तीननं काय होतंय?’ या प्रश्नाला २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या विश्लेषणानं उत्तर दिलं आहे: रोज २० ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जितका धोका वाढतो, त्याच्या जवळपास निम्मा रोज एकच ओढणाऱ्याचाही वाढतो. गरोदर स्त्रियांनी आणि हृदयरोग्यांनी गमआधी डॉक्टरांना विचारावं. सोडण्यासाठी मदत १८००-११-२३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत मिळते.