भय असूनही

धैर्य म्हणजे भयाचा अभाव, असे आपण सहज समजतो. कॅथरिन ग्रॅहम यांचे जीवन याहून निराळा धडा देते.

अमेरिकेतील ‘वॉशिंग्टन पोस्ट’ हे दैनिक त्यांच्या वडिलांनी १९३३ साली लिलावात घेतले; पुढे त्याची सूत्रे मात्र कन्येकडे न देता जावयाकडे सोपविली. १९६३ साली पतीने आत्महत्या केली आणि चार मुलांच्या या मातेवर दैनिकाचा भार आला. आपण या कामास अपात्र आहोत, ही शंका त्यांना दीर्घकाळ छळत राहिली.

जून १९७१ मध्ये कसोटी आली. व्हिएतनाम युद्धाविषयीची गुप्त सरकारी कागदपत्रे छापण्यास ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला न्यायालयाने मनाई केली होती, तीच ‘पोस्ट’च्या हाती लागली. कंपनीचे शेअर नुकतेच बाजारात आले होते. वकील ‘थांबा’ म्हणत होते, संपादक ‘छापा’ म्हणत होते. ग्रॅहमबाईंनी भीत भीतच छापण्याची अनुमती दिली. ३० जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला.

त्या रात्री हा निकाल त्यांना ठाऊक नव्हता, हे ध्यानात घ्यावे. शंका फिटेपर्यंत थांबणारा मनुष्य बहुधा थांबलेलाच राहतो. आपला कोणता निर्णय आज असा खोळंबून आहे?